मागाशेजारचे घर : सोलापूरच्या पूर्व भागातील वस्ती आणि जागा

सोलापूरचा पूर्व भाग मागाने वसवला. साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ, रविवार पेठ, जोडभावी पेठ, घोंगडे वस्ती, कन्ना चौक, अशोक चौक आणि तिथून अक्कलकोट रस्त्याच्या अंगाने पसरत गेलेली नगरे यांना मिळून सोलापूरकर ‘पूर्व भाग’ म्हणतात. नकाशावर हा शहराचा मधला पट्टा आहे. त्याच्या आत कसबा आणि वेशींच्या आतल्या जुन्या पेठा येतात, तर बाहेर १९९२ साली महापालिकेत आलेला हद्दवाढ भाग. घरात तेलुगू, बाजारात मराठी, सुताच्या दुकानात हिंदी आणि शेजारणीशी कन्नड असा व्यवहार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या पट्ट्यात जागेला किंमत कशामुळे आली, घर कोणाला मिळाले आणि कोणत्या कागदावर मिळाले, हा इतिहास चादरीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. चादरीचे कौतुक पुष्कळ झाले, ती विणणाऱ्याच्या खोलीकडे मात्र त्या मानाने कमीच पाहिले गेले.

जुने सोलापूर आटोपशीर होते. भुईकोट किल्ला, त्याला लागून सिद्धेश्वर तलाव आणि भोवती कसबा. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज आजही करतात. त्या वाटेवरून जुन्या गावाचा आवाका सहज लक्षात येतो. गावाला तटबंदी होती. विजापूर वेस, तुळजापूर वेस, बाळी वेस, कुंभार वेस ही नावे उरली, दरवाजे गेले. १८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांकडे आले, १८५२ मध्ये नगरपालिका झाली, आणि गाव वाढू लागल्यावर तटाचे भाग पाडून जागा मोकळी करण्यात आली. वेशींच्या आत व्यापारी लिंगायतांचा जोर होता. बाळी वेस आणि शुक्रवार पेठेच्या परिसरात आजही कानडी कानावर पडते. गुजराती जैन आणि मारवाडी सावकार, ब्राह्मण, मराठा, मुसलमान यांच्या गल्ल्याही इथेच. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच शहरातल्या एका जैन व्यापारी घराण्यात झाला.

१८६० मध्ये पुण्याकडून रेल्वे आली आणि शहराला दोन तोंडे फुटली. पश्चिमेला रेल्वेच्या बाजूने गिरण्या उभ्या राहिल्या. मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. पुढे दुसऱ्या गिरण्या आल्यावर तिचे नाव ‘जुनी मिल’ पडले, आणि त्या परिसराला मुरारजी पेठ. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्या एकोणिसावे शतक सरताना व विसावे उजाडताना उभ्या राहिल्या. त्याच सुमारास पूर्वेला हातमाग वाढत होते. गिरणीतले सूत आणि पूर्वेकडचे माग यांचे नाते वैराचे नव्हते. गिरणीने सूत कातायचे आणि मागवाल्याने त्याची लुगडी विणायची, असा बराच व्यवहार होता.

हे मागवाले कोण? साळी, कोष्टी आणि खत्री हे विणकर सोलापुरात आधीपासून होते. कन्नड बोलणारे कुरुहिनशेट्टी होते, उत्तरेकडून आलेले मोमीनही होते. सर्वांत मोठा लोंढा मात्र तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचा. निजामाच्या राज्यातील करीमनगर, नलगोंडा, वरंगळ, महबूबनगर या भागांतून ही कुटुंबे पायी, बैलगाडीने आणि नंतर रेल्वेने आली. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, त्यानंतर शतकाच्या अखेरीचे दुष्काळ, जमीनदारांची वेठ आणि गावाकडे मंदावलेला मागाचा धंदा ही त्यामागची कारणे होती. सोलापुरात सूत होते, रेल्वे होती, नऊवारीला गिऱ्हाईक होते आणि बोलीभाषेचा कोणी ना कोणी आधीच येऊन बसलेला होता. पुढची कुटुंबे त्याच्याच दारात उतरली. अमुक तालुक्यातले लोक अमुक बोळात, अशी वस्ती होत गेली ती यामुळे. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ७५ हजार होती. प्लेगमुळे १९११ च्या गणतीत ती ६१ हजारांपर्यंत खाली आली आणि १९२१ मध्ये १ लाख १९ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळपास दुप्पट झालेल्या या माणसांसाठी घरे कोणी बांधली?

बरीचशी कारखानदारांनी. पूर्व भागात ‘कारखानदार’ म्हणजे पाच, दहा, वीस हातमागांचा मालक. तो सूत आणायचा, रंगवून घ्यायचा, मागावर विणणाऱ्याला द्यायचा आणि तयार माल व्यापाऱ्याला विकायचा. विणणाऱ्याला ‘असामी’ म्हणत. गावाहून आलेल्या असामीकडे ना भांडवल असे ना राहायला जागा. कारखानदार त्याला मागावर बसवी, उचल देई आणि त्याच वाड्यात एक खोली देई. उचल फिटेपर्यंत असामी दुसरीकडे जाऊ शकत नसे, आणि उचल सहसा फिटत नसे. लग्न, बाळंतपण, आजारपण निघाले की ती वाढायचीच. त्यामुळे पूर्व भागातल्या पहिल्या घरभाड्याला वेगळा आकडा नव्हता. ते मजुरीत आणि उचलीत मुरलेले होते. काम सुटले की खोली सुटली. भाडेकरू आणि मजूर एकच, घरमालक आणि मालकही एकच, अशी ही व्यवस्था होती. तिला आसरा म्हणायचे की बेडी, हे माणसामाणसावर अवलंबून राहिले. सणाला नवे धोतर देणारे कारखानदार होते, तसे खोलीला बाहेरून कुलूप लावणारेही होते.

अशा वाड्याची रचना पाहिली की मागाचा अंमल कळतो. बाहेरून काळ्या दगडाची किंवा मातीची भिंत आणि बुटका दरवाजा. आत लांबट सोपा. हातमाग जमिनीत खड्डा करून बसवलेला असे. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडी आणि पावड्या दाबी. मातीची जमीन लागे, म्हणून माग तळमजल्यालाच. उजेड हवा, पण ऊन नको, कारण सूत फार वाळले तर तुटते. त्यामुळे झरोके वर आणि भिंती जाड. मागांच्या रांगेमागे खोल्या, एका खोलीत एक कुटुंब. खोलीच्या उंबऱ्यात बायका चरख्यावर कांड्या भरीत. सुताची पाजणी घरात होत नसे. त्यासाठी ताणा लांबवर पसरावा लागे, म्हणून पहाटे रस्त्यावरच ताणे लागत आणि माणसे दोन्ही बाजूंनी खळ लावत, कुंचा फिरवत चालत. पूर्व भागातल्या काही बोळांची लांबी आणि सरळपणा पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. रस्ता हा कारखान्याचाच एक भाग होता, आणि ज्याच्या दारापुढे लांब मोकळा रस्ता त्याच्या जागेला भाव.

वर छप्पर माळवदाचे. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. सोलापूरला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे माळवद इथे शोभले. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला तरी खाली गारवा राही. रात्री सगळा वाडा वर झोपे. पण दर पावसाळ्याआधी माती टाकून धुमसावे लागे. नाही तर गळती, आणि गळती म्हणजे मागावरचे सूत खराब. माळवदाची डागडुजी कोणी करायची यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात जितके तंटे झाले, तितके भाड्यावरून झाले नसतील.

पश्चिमेकडे चित्र निराळे होते. जुनी मिल चाळ, लक्ष्मी-विष्णू चाळ, एन. जी. (नरसिंग गिरजी) मिल चाळ ही नावे पत्त्यांत अजून येतात. तिथे कंपनीने बांधलेल्या खोल्या होत्या. भाडे ठरलेले, नळ सामाईक आणि भोंगा वाजला की सगळी चाळ जागी. कारकून मंडळी जरा बऱ्या घरांत राहत. चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये मरण पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस अशाच नोकरदार वस्तीत वाढले. भैय्या चौकातील त्यांचे घर आज स्मारक आहे. स्टेशनाजवळ रेल्वे लाइन्समध्ये बंगले होते, सदर बझारात म्हणजे लष्करात छावणीबरोबर आलेले परदेशी, लोधी, ख्रिस्ती आणि तेलुगू बोलणारे मोची होते. रावसाहेब वारदांनी इंद्रभुवन ही इमारत बांधली. ती पुढे महापालिकेचे कार्यालय झाली.

पश्चिमेच्याच अंगाला शहरातील सर्वांत कठोर वस्ती होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात डांबून ठेवलेली सेटलमेंट विसाव्या शतकाच्या आरंभी इथे उभी राहिली. हजेरी रोज, बाहेर जायला परवाना, आणि काम गिरणीत. गिरण्यांना बांधलेला मजूर मिळाला आणि सरकारला पहारा सोपा झाला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, तार गेली, आणि वस्तीला ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे नाव पडले. क्रमांकासह ते आजही पोस्टाच्या पत्त्यात आहे. या पत्त्यावरून नोकरी आणि खोली नाकारली जाण्याचा अनुभव तिथल्या पुढच्या पिढ्यांना आला. जागेची किंमत ठरवताना मातीइतकेच नावही मोजले जाते, याचे इतके उघड उदाहरण शहरात दुसरे नाही.

भाषा आणि जाती गल्लीगल्लीने वेगळ्या राहिल्या, तरी शहर म्हणून त्या एकत्रही आल्या. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर उसळलेल्या आंदोलनात सोलापुरातले इंग्रजी प्रशासन काही दिवस कोलमडले आणि १२ मे ते ३० जून लष्करी कायदा लागू झाला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलेले चौघे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. या चार नावांतच शहराची वस्ती दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर भाड्याच्या घरांचे गणित बदलले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १९४० च्या पातळीला बांधले गेले. कारखानदाराला आता खोलीतून असामीला काढणे सोपे राहिले नाही. पण भाडे वाढत नाही म्हणून तो दुरुस्तीही करीना. मोठे वाडे हळूहळू खचत गेले. खोली सोडताना पुढच्या भाडेकरूकडून पागडी घेण्याची रीत पडली आणि मालकाला त्यात वाटा मिळू लागला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला २००० मध्ये. त्याने पागडीच्या व्यवहाराला कायद्याची चौकट दिली, पण तोवर एका खोलीला चार वारस आणि एका वाड्याला चाळीस, अशी अवस्था आली होती.

या काळातच लुगड्याची जागा जेकार्ड चादरीने घेतली. नऊवारीचे गिऱ्हाईक घटले, तर मोर, फुले आणि भौमितिक नक्षीची जाड सुती चादर देशभर खपू लागली. हातमागावर यंत्रमागाने मात केली. यंत्रमागाला खड्डा लागत नाही, पण पक्की जमीन लागते, जादा दाबाची वीज लागते आणि त्याचा हादरा माळवदाच्या घराला सोसत नाही. त्यामुळे पूर्व भागात मातीची घरे पाडून विटा-सिमेंटचे गाळे उभे राहिले. खाली चार किंवा आठ माग, वर राहायला दोन खोल्या. असामीतून मालक झालेल्या पहिल्या पिढीचे हे घर. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटे, दाराशी सुताची पोती आणि रात्री उशिरापर्यंत खटखट. नवख्याला इथे झोप लागत नाही. इथल्या माणसाला मात्र वीज गेली की जाग येते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५-०६ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, पण तोवर टॉवेलने चादरीला मागे टाकायला सुरुवात केली होती.

जागा घेण्याइतके पैसे हातात आल्यावर समाजाने आधी सामाईक जागा घेतल्या, हे पूर्व भागाचे वैशिष्ट्य. मार्कंडेय मंदिर, दाजी पेठेतील व्यंकटेश्वर मंदिर, कुचन प्रशाला, पुल्ली कन्या प्रशाला, बुर्ला महिला महाविद्यालय, मार्कंडेय रुग्णालय. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तर नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा सणाची फुले तलावात सोडली जातात. उर्दू शिकणाऱ्यांसाठी पानगल हायस्कूल आहे, नीलकंठेश्वराचे मंदिर कुरुहिनशेट्टी समाजाचे. नगरपालिकेने मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही चालवल्या. अशी शाळा, असे देऊळ, असा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असणे हीच या भागातल्या घराची खरी किंमत होती. म्हणून हातात पैसा आलेले कुटुंबही लगेच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले नाही. ते आधी पद्मानगर, कर्णिक नगर अशा जवळच्याच वसाहतीत गेले, जिथून मुलीला जुन्या शाळेत आणि आजीला जुन्या देवळात पाठवता येई.

घर घेण्यात बायकांच्या कमाईचा वाटा मोठा होता, आणि तो बहुतेकदा कागदावर आला नाही. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, हे पूर्व भागातल्या हजारो घरांचे अर्थकारण. विडी कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायची, पाने भिजवून कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. पान ओलसर हवे, तंबाखू कोरडी हवी, मूल मात्र दोन्हीपासून दूर हवे. दहा बाय दहाच्या खोलीत हे तिन्ही जमत नाही. १९६६ च्या विडी व सिगारेट कामगार कायद्याने आणि १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीने या बायकांना ओळखपत्र दिले. ते दाखवून घरासाठी अनुदान मागता येऊ लागले. हैदराबाद रस्त्यावरची ‘विडी घरकुल’ वसाहत त्यातून आली. बाईच्या नावावर घर होण्याची सोलापुरातली ही पहिली मोठी लाट.

ज्यांच्याकडे ओळखपत्र नव्हते त्यांनी गुंठे घेतले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. शेतकऱ्याने आपले एक-दोन एकर दलालाच्या मदतीने गुंठ्यागुंठ्याने विकायचे, चुन्याने रेघा मारायच्या, मध्ये बैलगाडी जाईल इतका रस्ता सोडायचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे असे तुकडे विकता येत नसत. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात सोलापूरही होते, त्यामुळे शहरातल्या मोकळ्या जमिनी अडकून पडल्या आणि कायदेशीर प्लॉट महाग झाले. परिणाम असा, की कायद्याने ज्यांच्यासाठी जमीन राखायची तेच बेकायदा जमीन घेऊ लागले. व्यवहार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, साठेखताने होई. सातबारावर नाव मूळ मालकाचे किंवा वीस जणांचे सामाईक. बँक कर्ज देईना, म्हणून भिशी, सोने गहाण आणि कारखानदाराकडची उचल. पहिल्या वर्षी पत्र्याची खोली, तिसऱ्या वर्षी विटांची भिंत, मुलाच्या लग्नाला स्लॅब. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे प्लॉट शुल्क भरून नियमित करता येऊ लागले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत डिसेंबर २०२० पर्यंत नेली. कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. तरी ‘गुंठेवारी आहे की एनए (बिगरशेती)?’ हा प्रश्न सोलापुरात आजही भावाच्या आधी विचारला जातो, आणि उत्तरावर भाव ठरतो.

मे १९९२ मध्ये हद्दवाढ झाली. तोवर सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एका दिवसात सुमारे १७८ चौरस किलोमीटरचे झाले. कर शहराचा, रस्ते आणि ड्रेनेज गावाचे, ही तक्रार तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाखांवर गेली. वाढ मुख्यतः दक्षिणेला आणि पश्चिमेला झाली. विजापूर रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रस्ता इथे शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांच्या सोसायट्या आल्या. तिथल्या घरात माग नव्हता. झोपायची खोली, बसायची खोली, गाडी लावायची जागा असे घराचे नवे मोजमाप सुरू झाले. जात आणि भाषेच्या गल्ल्या तिथे तितक्या घट्ट राहिल्या नाहीत. त्यांची जागा पगाराच्या पट्ट्याने घेतली.

गिरण्यांचा शेवट याच सुमाराचा. जुनी मिल तर १९४९ मध्येच एकदा बंद पडली होती. केंद्र सरकारने १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि त्याविरुद्धचा चिरंजीतलाल चौधरी खटला सर्वोच्च न्यायालयाच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या निकालांपैकी एक ठरला. समतेचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क यांची चर्चा करताना कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात बंद झाली, नरसिंग गिरजीही टिकली नाही. शहराच्या मध्यावर शेकडो एकर मोकळी झाली आणि घाम गाळलेल्या कामगारांची देणी न्यायालयात अडकली. चाळीतले लोक मात्र जिथल्या तिथे राहिले, मालक कोण हे नक्की न कळता.

पूर्व भागातल्या कामगाराला या दोन्ही बाजारांत, पश्चिमेच्या सोसायटीत आणि पूर्वेच्या गाळ्यात, जागा परवडत नव्हती. त्याच्यासाठी तिसरी वाट संघटनेने काढली. माकपचे नेते आणि आमदार राहिलेले नरसय्या आडम, ज्यांना शहर ‘आडम मास्तर’ म्हणते, त्यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांची सहकारी संस्था झाली. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी गावाच्या हद्दीत १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला वारली आदिवासींच्या लढ्यातील नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले गेले. घरामागे केंद्राचे २० हजार, राज्याचे २० हजार आणि बाईचे स्वतःचे २० हजार असा मेळ होता. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे सुपूर्द झाली. घर लहान, पण पुढे-मागे मोकळी जागा. तिथे पहिल्या काही वर्षांतच कोणी दुकान काढले, कोणी खोली वाढवली, कोणी शिलाई मशीन मांडले. त्यानंतर याच चळवळीतल्या मीनाक्षीताई साने यांच्या नावाची वसाहतही झाली.

त्यापुढचे पाऊल कुंभारीतच ‘रे नगर’. नाव राजीव आवास योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले, घरे मात्र पंतप्रधान आवास योजनेतून झाली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणाऱ्या, फेरीवाले, चालक अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा हा प्रकल्प. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिली १५ हजार घरे सुपूर्द केली. लाल बावट्याखाली गोळा झालेल्या सभासदांच्या घरांना केंद्रातल्या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सरकारांनी चावी दिली, हे सोलापूरच्या राजकारणाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. रे नगरातली घरे गोदूताई नगरासारखी जमिनीवरची नाहीत, मजल्यांची आहेत. पुढे-मागे वाढवायला वाव नाही. मागाचा कामगार आता कामाच्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर झोपतो. बसचे भाडे आणि वेळ हा घराच्या हप्त्याचाच भाग झाला आहे. विडीचे तसे नाही. पानाचे पोते बसमध्ये चढते, त्यामुळे बाईचे काम तिच्यामागे नव्या घरातही आले.

पूर्व भागात मात्र घर आणि कारखाना अजून पुरते वेगळे झालेले नाहीत. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. मालकाचे कुटुंब त्याच इमारतीत राहत होते. सूत, रंग आणि धागा यांच्या ढिगावर राहण्याची जुनी रीत औद्योगिक वसाहतीतही गेली होती, हे त्या रात्री साऱ्या राज्याला कळले. पेठांमधल्या जुन्या गाळ्यांत तर बाहेर पडायला एकच जिना आणि खाली मागांची गर्दी, हे नेहमीचेच.

आज या पट्ट्यात घर पाहायला आलेला माणूस ठरावीक प्रश्न विचारतो. पाणी किती दिवसांआड? उजनी धरणाचे पाणी शहराला रोज मिळत नाही. चार-पाच दिवसांच्या खंडाची सवय झालेली आहे. त्यामुळे जमिनीखाली हौद आणि गच्चीवर टाक्या असलेल्या घराला अधिक भाव येतो. शेजारी माग आहे का? असेल तर भाव कमी, आणि माग काढून तिथे गोदाम किंवा दुकान झाले असेल तर जास्त. कागद कोणता? आणि वारस किती? या शेवटच्या प्रश्नावर बरेच व्यवहार थांबतात. असामीच्या पिढीतून मालक झालेल्या कुटुंबांचे नातू पुण्यात किंवा हैदराबादेत संगणकाच्या नोकरीत आहेत. सही करायला ते दिवाळीला येतात, आणि एखादा येत नाही. त्यामुळे कन्ना चौकाच्या आसपास चार मजली नवी इमारत आणि तिला खेटून गळके माळवद ही जोडी जागोजागी दिसते. माळवदाखालच्या खोलीत बहुधा भाडेकरू असतो, आणि त्याचे भाडे अजूनही जुन्या ठरलेल्या रकमेच्या आसपासच असते.